काळी चार

"डोमाजीवर लिहा हो काहीतरी," म्हणून आमची ही कित्येक वर्षं माझ्या मागं लागली आहे. "तुमच्याइतकं जवळून त्याला कोणी पाहिलं नाही." खरं आहे ते. पेटीवाला गाणाऱ्याला जितकं जवळून पाहतो तितकं त्याच्या घरचेही पाहत नसतील. तो श्वास कुठं घेतो, कुठं चोरतो, कुठल्या जागेला मनातून भितो, सगळं आम्हाला कळतं. तरी मी टाळत आलो. कारण डोमाजीवर लिहायचं तर आधी कबूल करावं लागणार की मी त्याच्यावर जळायचो. थोडाथोडका नाही, चांगला धूर निघेल इतका जळायचो. आता वयही झालं आणि लाजही बरीच कमी झाली, म्हणून बसलो लिहायला.

तेव्हा चंद्रपूरला सगळे चांदाच म्हणत. गडचिरोली, आलापल्ली, सिरोंचा सगळं त्या एकाच जिल्ह्यात. गाव लहान, पण पाहुण्यांचा राबता मोठा. सागवानाच्या लिलावाला कुठून कुठून व्यापारी येत. कोणी किल्ल्याचे दरवाजे पाहायला येई, कोणी ताडोब्याचं जंगल. दिवसभर पाहुणा फिरला, पण संध्याकाळी त्याचं करायचं काय? म्हणून गावातल्या चार प्रतिष्ठितांनी पाहुण्यांच्या करमणुकीसाठी एक मंडळ काढलं होतं. अध्यक्ष आमचे वकीलसाहेब. आणि मंडळाचा कलावंत म्हणाल तर एकच, तो म्हणजे मी.

मी शाळेत चित्रकला आणि गायन शिकवायचो. नागपूरला एका बुवांकडं सहा वर्षं बोटं झिजवून पेटी शिकलो होतो. एकट्या पेटीवर तासभर राग वाजवणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात दुसरा नव्हता, आणि हे मी कोणालाही विसरू देत नसे. माझं एकच स्वप्न होतं. रेडिओ. वकीलसाहेबांकडं मोठा रेडिओ होता. रविवारी सकाळी मी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसायचो. गाणं लागे, सारंगी लागे, सतार लागे, पण पेटी कधी ऐकू येत नसे. मला वाटायचं, चांगला पेटीवाला मिळत नसेल बिचाऱ्यांना.

असं सगळं छान चाललं असताना डोमाजी उपटला.

डोमाजी लाकूड डेपोत मोजणीवर होता. मोजणीची पद्धत अशी की एक माणूस ओंडक्यावर फीत टाकून लांबी आणि गोलाई घेणार आणि ओरडून सांगणार. मुनशी लांब मोहाच्या झाडाखाली टेबल टाकून बसणार आणि वहीत उतरवणार. मुनशी मेला तरी सावली सोडायचा नाही. त्यामुळं मोजणाऱ्याचा आवाज दणदणीत हवा. डोमाजी नुसता ओरडत नसे, सुरात ओरडे. "गोलाई च्याऽऽर फूट! लांबी अठराऽऽ!" डेपोबाहेरच्या रस्त्यावरून मोटार जात असली तर मोटारीतल्या माणसांनाही ओंडक्याचं माप कळायचं. उंच, काळाभोर, गुडघ्यापर्यंत धोतर, वर जंगलखात्याचा जुना खाकी कोट, त्याला एकच बटण. कानावर खडूचा तुकडा. वैनगंगेपलीकडच्या कुठल्याशा खेड्यातला. तरणेपणी दंडारीत, म्हणजे आमच्या झाडीतल्या गाण्या-नाचाच्या खेळात, बायकांची सोंगं घ्यायचा म्हणे. त्या देहाला लुगडं कोण नेसवत असेल, देव जाणे.

त्या वर्षी लिलाव संपल्यावर वकीलसाहेबांनी डेपोच्या शेडमध्येच खुर्च्या मांडल्या. दुपारचे चार. मी भीमपलास काढला. अगदी मन लावून, एकेक स्वर उलगडत. समोर व्यापारी पान चघळत बसलेले. दहा मिनिटं झाली असतील, एक कच्छी शेठ पुढं वाकला आणि फार आदरानं म्हणाला, "मास्टरजी, ये शुरू कब होगा?"

हसा, हसा. तेव्हा सगळी शेड हसली होती, तुम्हीही हसून घ्या.

मग तोच शेठ म्हणाला, "वो नापवाला आदमी कहाँ है? उसको बुलाव. वो अच्छा गाता है." डोमाजी तिकडं ताडपत्र्या गुंडाळत होता. त्याला हाताला धरून आणला. त्यानं आधी वहाणा काढल्या. माठातलं पाणी घेऊन तीनदा चूळ भरली. हे तो पुढंही नेहमी करायचा, तीन म्हणजे तीन, चौथी नाही. मी म्हटलं, "बस." तर म्हणाला, "बसून नाई गाता येत मले, मास्तर. झाड उभंच असते."

त्यानं गुणगुणून दाखवलं आणि मी पेटीवर त्याचा सूर शोधला. दुसऱ्या काळ्या पट्टीवर तो सापडला.

"हा माहा सूर हाय का?" तो पेटीकडं वाकून पाहू लागला. "याले नाव काय?"

"काळी दोन म्हणतात."

"बरं. मंग तो तुमच्यापाशीच ठेवा. मी मागन तवा द्या." एखाद्यानं शेजाऱ्याकडं घराची किल्ली ठेवावी तसं अगदी सहज म्हणाला.

मग तो शेठकडं वळला. "शेठ, तुमच्या गावच्या घरी दारापुढं झाड कोनतं?" शेठ गडबडला. लाकडाचा एवढा मोठा व्यापारी, हजारो झाडं घेतलेला, पण हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. आठवून म्हणाला, "बोरडी थी एक." डोमाजीनं डोळे मिटले.

पाव्हना आला दुरून गा, दूर त्याचं गाव,
दारामंदी बोर उभी, पुसते त्याचं नाव...

आवाज असा लागला की शेडचे पत्रे झिणझिणले. बोरीला बोरं आली, ती कोणी वेचली नाहीत, खाली पडून वाळली, एवढंच काय ते गाणं. सगळं जागच्या जागी बांधलेलं. शेठनं टोपी काढून तोंडापुढं धरली. अकरा वर्षं तो गावी गेला नव्हता म्हणे. आणि मी खाली मान घालून काळी दोनवर भाता हलवत बसलो होतो. माझ्या भीमपलासाला नाव विचारणारासुद्धा कोणी भेटला नाही!

तेव्हापासून मंडळाचा कार्यक्रम म्हणजे डोमाजी. कोणी पाहुणा आला की त्याचं पहिलं वाक्य, "तो झाड विचारणारा कुठी हाय?" वकीलसाहेब कार्यक्रमाची चिठ्ठी छापून घेत. तीत आधी माझं नाव वर असायचं. मग डोमाजी वर गेला आणि मी खाली आलो. पुढं पुढं तर सगळ्यात खाली, बारीक टायपात, "पेटीवर मास्तर." मास्तरला नावसुद्धा नाही!

एकदा दिल्लीकडचा कोणी बडा अधिकारी आला होता. डोमाजीनं नेहमीचा प्रश्न टाकला. अधिकारी हसून म्हणाला, आमचं सरकारी घर, दारात कुंड्या आहेत फक्त. मला आतून उकळ्या फुटल्या. आता कसा बांधतो गाणं, पाहू या! डोमाजीनं डोकं खाजवलं. "कुंडीतलं बी झाडच हाय, साहेब. फक्त त्याले पाय पसरू देत नाई कोनी." आणि तेच घेऊन गायला. ते झाड बदली होऊन गावोगाव हिंडतं, प्रत्येक गावचा पाऊस पितं, पण मुळं कुठंच रोवत नाही. अधिकाऱ्याचं हसू मावळलं. त्यानं गळ्यातला हार काढून डोमाजीच्या गळ्यात घातला. डोमाजीनं तो काढला आणि माझ्या पेटीवर ठेवला. "सूर याच्यात राह्यते, साहेब."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या मात्र नाकाला मिरच्या झोंबल्या. तो उर्मट असता, दारुडा असता, माझी टिंगल करणारा असता तर माझं काम किती सोपं झालं असतं. चार लोकांत त्याला नावं ठेवता आली असती. पण त्या गड्यानं मला तेवढीही सोय ठेवली नव्हती.

आणि घरी तरी सुख होतं का? डोमाजी दर रविवारी यायचा. धोतराच्या सोग्यात बांधून काहीतरी रानमेवा आणायचा. कधी टेंभरं, कधी चारं, कधी वाळवलेली मोहफुलं. "बाई, हे घ्या," म्हणून हिच्या हातात द्यायचा आणि उंबऱ्याशी बसून म्हणायचा, "मास्तर, वाजवा ना तुमचं ते लंबंवालं." मी वाजवायचो. तो डोळे मिटून ऐकायचा, अगदी तासभर. चांद्यात माझा राग शेवटपर्यंत ऐकणारा माणूस एकच होता आणि तो नेमका हा! संपलं की म्हणायचा, "मले समजत नाई, पन लय मोठं हाय हे."

एकदा मी त्याला सारेगम शिकवायला घेतलं. शिकवायला कसलं, खरं सांगतो, बिघडवायला. म्हटलं, एकदा स्वरांची नावं डोक्यात बसली की याचं ते मोकळं गाणं अडखळायला लागेल. तीन रविवार त्यानं प्रामाणिकपणे घोकलं. चौथ्या रविवारी हात जोडले. "मास्तर, हे तं नुसतं माप झालं. गोलाई एवढी, लांबी एवढी. झाड कुठी हाय?" ही आतून खुदकन हसली. मी पेटी बंद केली.

तेवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. एका दुपारी मी शाळेतून लवकर घरी आलो, तर ही अंबाडीची भाजी निवडता निवडता गुणगुणत होती. दारामंदी बोर उभी, पुसते त्याचं नाव. माझा तिळपापड झाला.

"माझं वाजवलेलं कधी गुणगुणली नाहीस ती!"

ही काही घाबरली नाही. काड्या बाजूला करत म्हणाली, "तुमचं चांगलंच आहे हो. पण ते तोंडात बसत नाही."

लग्नाला नऊ वर्षं झाली होती तेव्हा.

डोमाजीनं मलाही एकदा विचारलं होतं, "मास्तर, तुमच्या दारापुढं झाड कोनतं?" आमची भाड्याची खोली, दारापुढं नाली आणि तिच्यापलीकडं भिंत. "नाही झाड," मी तोडून टाकलं. त्याला फार वाईट वाटलं. "मंग तुमचं गानं कसं बांधू?" पुढच्या रविवारी तो वीतभर कडुलिंबाचं रोप घेऊन आला. नालीच्या कडेला खड्डा खणून लावलं, काटेरी फांद्यांचं कुंपण केलं. "कमरेएवढं होऊ द्या. मंग बांधतो तुमचं." ही त्याला रोज पाणी घालायची. मी त्याच्यावरून जाता-येता मान दुसरीकडं वळवायचो.

त्यानंतरच्या हिवाळ्यात रेडिओचे साहेब आले. जंगल पाहायला म्हणून आले होते, पण वकीलसाहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "आवाज शोधत हिंडताहेत ते. आपल्या भागातलं कोणी मिळालं तर नागपूरला बोलावणार आहेत." मग म्हणाले, "डोमाजीचं नशीब उघडणार असं दिसतं."

डोमाजीचं! रविवारची माझी ती ओसरी, सहा वर्षं झिजवलेली बोटं, आणि नशीब कोणाचं उघडणार, तर ताडपत्र्या गुंडाळणाऱ्याचं. त्या दिवसापासून मला अन्न गोड लागेना.

नगरपालिकेच्या सभागृहात संध्याकाळी पाच वाजता कार्यक्रम होता. बायकांच्या बाजूला हीही बसली होती. आधी मी वीस मिनिटं वाजवलं. साहेबांनी मान हलवली, पण मांडीवरच्या वहीत काही लिहिलं नाही. मग डोमाजी उठला. त्या दिवशी त्यानं कोटाला दुसरं बटण लावून घेतलं होतं. वहाणा काढल्या, तीन चुळा भरल्या. "साहेब, तुमच्या दारापुढं झाड कोनतं?"

"पारिजात," साहेब म्हणाले आणि पेन्सिल हातात घेतली.

डोमाजीनं डोळे मिटले. "मास्तर, माहा सूर द्या."

माझं बोट काळी दोनवरच होतं. सवयीनं तिथंच गेलं होतं. मी ते उचललं, आणि दोन काळ्या पट्ट्या पुढं नेऊन काळी चारवर ठेवलं. ज्यांना पेटी कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्याचं गाणं जिथं अर्ध्या चढावर यायचं, तिथून मी त्याला सुरुवात करायला लावली. पुढं वर जायला त्याच्याकडं गळाच उरणार नव्हता. हात चुकला, गर्दीत गोंधळलो, असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. हात चुकला नव्हता. भाता नीट हलत होता, सूर स्वच्छ लागला होता.

डोमाजीनं डोळे उघडले. माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, संपलं, कळलं याला. आता भर सभेत म्हणणार, मास्तर, हा माहा नाई. पण त्यानं नुसती मान डोलावली. आपल्या मोठ्या माणसानं काही सांगितलं की आपण डोलावतो, तशी. आणि तो सूर उचलला.

पहिली ओळ कशीबशी निघाली. मानेची शीर तटतटून आली होती. "दारामंदी पारिजात" म्हणत तो वर गेला आणि आवाज फाटला. पुन्हा घेतला. पुन्हा फाटला. मागं कोणीतरी खोकलं, कोणीतरी फिस्सकन हसलं. डोमाजी थांबला. साहेबांपुढं हात जोडून म्हणाला, "माफी करा, साहेब. मास्तरनं सूर बरोबर देला. माहाच गळा पुरला नाई."

मी भाता हलवतच होतो. सूर बंद करायचं मला सुचलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर साहेब पायऱ्यांवर माझ्यापाशी थांबले. मी सदरा सारखा केला. "मास्तर, हात तयार आहे तुमचा," ते म्हणाले. "वाईट वाटतं. पण आमच्याकडं पेटी वाजत नाही. मनाईच आहे तिला रेडिओवर. कितीतरी वर्षं झाली. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

मला ठाऊक नव्हतं. इतके रविवार त्या ओसरीवर कान देऊन बसलो, आणि जे ऐकू येत नव्हतं त्याचा साधा अर्थ मला लागला नव्हता.

"त्या डेपोवाल्याचं मात्र नवल वाटलं," साहेब जाता जाता म्हणाले. "एक कच्छी शेठ मला नागपुरात तासभर त्याच्याविषयी सांगत होता. असो. सगळ्यांचाच दिवस सारखा नसतो."

घरी येताना ही माझ्यापुढं चालत होती. दाराशी आल्यावर म्हणाली, "आज सूर चढा होता का हो?"

"नाही," मी म्हटलं.

तिनं तांब्या घेतला आणि कडुलिंबाला पाणी घालायला गेली.

पुढच्या रविवारी डोमाजी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. वकीलसाहेबांकडून कळलं की त्यानं स्वतः सांगून बदली मागून घेतली, आलापल्लीच्या डेपोत. मंडळाच्या चिठ्ठीवर माझं नाव पुन्हा वर चढलं, ठळक टायपात. पाहुणे येत, पान खात, जांभया देत, आणि निघताना हळूच विचारत, तो झाड विचारणारा होता ना, तो कुठी गेला? मी म्हणायचो, गळा गेला त्याचा. हे वाक्य म्हणताना मला सुरुवातीला बरं वाटायचं, तेही सांगून टाकतो.

दोनेक वर्षांनी आलापल्लीच्या विश्रामगृहात कोणी पाहुणे उतरले होते, त्यांच्यासाठी मंडळानं मला पेटी देऊन पाठवलं. मोटारीतून उतरलो तर समोर डोमाजी. मी येणार हे त्याला कुठून कळलं कोण जाणे. माझ्या हातातली पेटी ओढून घेऊन त्यानं डोक्यावर ठेवली. "बाई कशा हायेत? लिंब केवढा झाला?" आवाज ऐकून मी चमकलो. चिरका, खरखरीत, घशाच्या घशात अडकणारा. मला वाटलं सर्दी असेल.

"कमरेच्या वर गेला," मी म्हटलं.

"आता बांधाले पायजे तुमचं गानं." तो हसला. "पन अगोदर एक दाखवाचं हाय तुमाले."

विश्रामगृहाच्या व्हरांड्यात त्यानं पेटी उतरवली, माझ्यापुढं मांडली, वहाणा काढल्या, तीन चुळा भरल्या. ऊन अजून अंगणात होतं. "मास्तर, माहा सूर द्या."

मी काळी दोन दिली. खरं सांगतो, त्या वेळी माझ्या मनात काही वाईट नव्हतं. दोन वर्षं ती पट्टी मी कोणासाठी दाबली नव्हती.

त्यानं डोळे उघडले आणि मान हलवली. "हा नाई."

"हाच आहे डोमाजी तुझा."

"हा जुना. तुमी माही लाज राखून राह्यले, मले समजते. तो वरचा द्या, साहेबाच्या दिवशी देला होता तो." मग जवळ येऊन, कोणाला कळू नये असं, फार आनंदानं म्हणाला, "मी सोडला नाई तो. रोज सकाळी नदीवर जाऊन लावून राह्यलो, मास्तर. दोन वरीस. एक दिस चुकला नाई. तुमी देला म्हंजे तो माहाच असन. मलेच गवसत नव्हता."

मी पेटीवर हात ठेवून बसून राहिलो. आता बोल, मी स्वतःला म्हणत होतो. तोंड उघड आणि सांग. डोमाजी, मी मुद्दाम केलं. तो तुझा सूर नाही. कधीच नव्हता. एवढी तीन वाक्यं. पण तो माझ्याकडं असा भरवशानं पाहत उभा होता, की ती तीन वाक्यं बोललो तर त्याच्याकडं काय उरेल असं मला वाटलं. ही एक सबब झाली. खरं कारण दुसरंच होतं. त्याही क्षणी मला त्याचा हेवा वाटला. गळा फाटलेला, रेडिओ हुकलेला, जंगलात पडलेला तो माणूस, आणि हेवा मला! कारण माझ्या सहा वर्षांच्या तालमीत माझ्या बुवांवर मी असा विश्वास कधी टाकला नव्हता. कोणावरच टाकला नव्हता. मी त्याला काळी चार दिली.

तो गायला. काय गायला ते मला सांगवत नाही. दारामंदी लिंब उभा, इथपर्यंत कळलं. माझंच गाणं होतं ते, माझ्या दारापुढच्या झाडाचं. पुढचे शब्द खरखरीत गेले. थांबला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, ताणामुळं की आनंदामुळं, देव जाणे.

"आला का जवळ?" त्यानं विचारलं.

"आला," मी म्हटलं. "पण गळ्याला आराम दे आता. थोडे दिवस गाऊ नको."

"आता कसा आराम? हातात आला हाय तो."

दुसऱ्या दिवशी सकाळी परतीची मोटार डेपोच्या कुंपणाशी थांबली. चालक कोणाची तरी वाट पाहत होता. मी खिडकीतून आत पाहिलं. ओंडक्यांच्या रांगा, आणि लांब टोकाला मोहाचं झाड. त्याच्याखाली टेबल टाकून मुनशी बसलेला. डोमाजी एका ओंडक्यावर वाकून फीत टाकत होता. आता माप ऐकू येईल म्हणून मी कान दिला. पण त्यानं फीत गुंडाळली, उठला, आणि चालायला लागला. सगळं आवार तुडवत मोहापर्यंत गेला. टेबलाशी वाकून मुनशीच्या कानात माप सांगितलं. मुनशीनं लिहिलं. डोमाजी तसाच चालत परत आला, दुसऱ्या ओंडक्यावर फीत टाकली, आणि पुन्हा मोहाकडं निघाला. समोर ओंडक्यांची रांग दूरवर गेलेली.

मोटार सुरू झाली तेव्हा त्यानं मला पाहिलं. वाटेत मध्येच थांबून हात वर केला आणि मोठ्यानं काहीतरी ओरडला. ओरडला हे त्याच्या मानेवरून कळलं. मी खिडकीबाहेर अर्धा वाकलो, तरी काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही.